दिवसभर करता तरी काय?

परवा एका मुंजीला गेलो होतो. जेवणं झाली, मठ्ठ्याचा शेवटचा ग्लास संपला आणि मी ज्याची वाट बघत होते तो प्रश्न आलाच. नवऱ्याच्या मावशींनी विचारलं, "अगं, शाळा नाही, क्लास नाही, मग तुम्ही दोघी दिवसभर करता तरी काय?"

मी म्हटलं, "गप्पा मारतो."

मावशींना वाटलं मी थट्टा करतेय. त्या हसल्या, मीही हसले, तेवढ्यात कुणीतरी विड्यांचं ताट घेऊन आलं आणि विषय तिथेच राहिला. घरी येताना रिक्षात मात्र मला चुटपुट लागली. उत्तर खरं होतं, पण फारच अर्धवट होतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. मावशी, हे तुमच्यासाठीसुद्धा आहे बरं का!

आमची सई आता नऊ वर्षांची आहे. तिची शाळा सुरू झाली 2020 च्या जूनमध्ये, म्हणजे मोबाईलवर. तीसेक मुलं एवढ्याएवढ्याशा चौकोनांत बसलेली, आणि सगळ्यात आधी त्यांना काय शिकवावं लागलं तर म्यूट कसं करायचं ते. बाईंचा काहीच दोष नव्हता. तीस चार-चार वर्षांची मुलं एकदम बोलायला लागली तर दुसरं काय करणार? पण आमच्या बाईसाहेबांच्या डोक्यात शाळा म्हणजे आपला आवाज बंद ठेवायची जागा हे जे बसलं ते बसलंच. 2022 साली पहिलीत खरोखरची शाळा, दप्तर, डबा, रिक्षाकाका सगळं सुरू झालं. रोज घरी आली की मी विचारायची, "आज काय काय झालं?" रोज उत्तर यायचं, "काही नाही." वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तकावर शेरा आला, 'शांत मुलगी आहे.'

तो वाचून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. कारण दोन वर्षांची असताना ही मुलगी झोपेतसुद्धा बडबडायची. वरणभाताच्या घासाशी बोलायची, गॅलरीतल्या कबुतरांना रागावायची. शेरा लिहिणाऱ्यांनी कौतुकानंच लिहिलं होतं, हे मला माहीत आहे. पण माझ्या पोटात खड्डा पडला.

2023 च्या उन्हाळ्यात आम्ही तिला शाळेतून काढलं. कसं काढलं, कोण कोण काय काय बोललं, ते सगळं रामायण परत नको. कायद्याबद्दल अजूनही विचारणा होते म्हणून एवढंच सांगते, की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा काही सांगितलेली नाही. आणि दहावीचं म्हणाल तर वयाची चौदा वर्षं पूर्ण झाली की एनआयओएसमधून परीक्षा देता येते. त्याला अजून पाच वर्षं आहेत. असो.

आता गप्पांकडे येते. पण आधी एक कबुली.

पहिले सात-आठ महिने मी गप्पा मारतच नव्हते. मी शाळा घेत होते, फक्त गप्पांच्या आवाजात. मंडईत गेलो की, "सई, पाव किलो म्हणजे किती ग्रॅम?" जिन्यात, "पायऱ्या किती झाल्या? त्याच्या दुप्पट किती?" पाऊस आला की ढग कसे बनतात. पोळी फुगली की वाफ म्हणजे काय. आणि गोष्ट! गोष्ट संपायचा अवकाश, की मी तयारच: "मग सांग बरं, कोल्ह्यानं असं का केलं? आपण त्याच्या जागी असतो तर?" मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा त्या दिवसांत. आयुष्यातला प्रत्येक क्षण शिक्षणाचा वगैरे वगैरे. वहीत लिहूनसुद्धा ठेवायची, आज अमुक संकल्पना झाली म्हणून.

एका सकाळी आम्ही तळजाईवर फिरायला गेलो होतो. तासभर चाललो, सई गप्पच होती. संध्याकाळी मी ओट्यापाशी असताना बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज आला. आजीला सांगत होती, म्हणजे माझ्या सासूबाईंना, की आज टेकडीवर तारेवर एक खंड्या बसला होता, अस्सा निळा, आणि त्यानं एकदम खाली सूर मारला आणि एक किडा का सरडा का काहीतरी उचलला, आणि मग तो त्याला तारेवर आपटत बसला. दहा मिनिटं सांगत होती. हातवारे करून, खंड्याचा आवाज काढून.

मी बाहेर आले. म्हटलं, "अगं, मी तर तुझ्याबरोबरच होते. मला का नाही दाखवलास?"

ती म्हणाली, "तू मग त्याचा प्रोजेक्ट केला असतास."

अगदी साधेपणानं म्हणाली. रागानं नाही, तक्रार म्हणून नाही. पाऊस आला असता म्हणून छत्री घेतली, इतक्या सहज. आजी मान खाली घालून शेंगा सोलत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. म्हणजे शाळेतून काढून मी मुलीला घरी आणलं होतं आणि घरातही तिनं स्वतःला म्यूट केलं होतं, माझ्यापुरतं. आजीशी तिचा आवाज चालू होता.

त्या रात्री मी खरंच रडले. आणि मग जे करते तेच केलं, पुस्तकं शोधायला लागले! (काही सवयी जात नाहीत.)

त्यातलं एक पुस्तक फार उपयोगी पडलं. बार्बरा टिझर्ड आणि मार्टिन ह्यूज या दोघांचं, 1984 सालचं 'यंग चिल्ड्रन लर्निंग'. त्यांनी लंडनमधल्या चार वर्षांच्या आसपासच्या तीस मुलींच्या कपड्यांत छोटे मायक्रोफोन बसवले आणि त्यांचं बोलणं टेप केलं, सकाळी बालवाडीत आणि दुपारी घरी आईबरोबर. निम्म्या मुली कामगारांच्या घरातल्या होत्या, निम्म्या मध्यमवर्गीय. सगळ्यांचा समज असा, की बालवाडीत शिकलेल्या बाई, तिथे भाषा फुलणार. घरी आई भांडी घासतेय, तिथे काय होणार? निघालं उलटंच. घरी या मुली तासाला सरासरी 26 प्रश्न विचारत होत्या. बालवाडीत दोन!

बालवाडीत प्रश्न नव्हते असं नाही, भरपूर होते, पण ते बाई विचारत होत्या. आणि ज्यांची उत्तरं बाईंना आधीच ठाऊक होती असे. हा कुठला रंग? हे किती आहेत? ते वाचताना मला स्वतःचाच आवाज ऐकू यायला लागला. पाव किलो म्हणजे किती ग्रॅम..

त्याच पुस्तकात एक मुलगी आहे. घरी खिडक्या पुसणारा माणूस येतो, आणि त्याला आपण पैसे द्यायचे की तो आपल्याला देणार, हेच तिला कळत नसतं. ती आईला विचारते, आई सांगते, ती परत विचारते, आई परत सांगते, तिला पटत नाही, ती तिसरीकडून विचारते. आईला कुठलंच शास्त्र येत नाही, ती आपली कामाच्या नादात उत्तरं देतेय. पण ती मुलगी त्या प्रश्नाला सोडत नाही. मला हे फार आवडलं, कारण आमच्याकडे कामवाल्या ताईंच्या पगारावरून सईचं आणि आजीचं हुबेहूब असंच झालं होतं आणि मी मध्ये पडून दोन मिनिटांत 'समजावून' टाकलं होतं. प्रश्न मेला बिचारा.

दुसरे एक ॲलन थॉमस म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमधल्या, मुलांना घरी शिकवणाऱ्या शंभर कुटुंबांचा अभ्यास केला आणि 1998 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातली बरीच घरं सुरुवातीला माझ्यासारखीच, घरात फळा आणि वेळापत्रक लावून बसलेली. आणि हळूहळू फळा बाजूला पडून बोलण्यावर आलेली. वाचून जीवात जीव आला, म्हणजे मी एकटीच मूर्ख नव्हते.

आणि इतकं लांब कशाला जायचं? आपले गिजुभाई बधेका, वकिली सोडून भावनगरला मुलांमध्ये जाऊन बसले. गुजरातीत त्यांना 'मूछाळी मा' म्हणायचे, मिशावाली आई. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबरच होत्या तिथे, मग पुढे बोर्डी, कोसबाड. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न'मधला मास्तर दंगेखोर वर्ग हातात घेतो आणि गोष्टी सांगायला लागतो. बाकीचे शिक्षक म्हणतात, गोष्टीच सांगत बसणार की शिकवणार पण? म्हणजे मावशींचा प्रश्न आजचा नाही, चांगला नव्वद वर्षांचा आहे.

तर मी काय केलं? फार काही नाही. एक नियम केला, स्वतःसाठी. ज्याचं उत्तर मला माहीत आहे ते सईला विचारायचं नाही. आणि गोष्ट संपली की गप्प बसायचं. तुम्ही करून बघा, महाकठीण आहे! जिभेच्या टोकावर येतं, मी ते पाण्याबरोबर गिळायची.

मग बोलायचं काय? इथे मला आजींनी शिकवलं. त्या कधी सईला काही 'विचारत' नाहीत, त्या सांगतात. पेन्शनच्या कागदात काय घोळ झाला, फोनवर बहिणीशी का वाजलं, टेलिफोन खात्यात नोकरीला होत्या तेव्हा ट्रंक कॉल कसे जोडायचे आणि रात्रपाळीला बायका एकमेकींना जाग्या ठेवायला काय काय करायच्या. मीही सांगायला लागले. विजेचं बिल जास्त आलंय, मला कळत नाहीये का ते. मग आम्ही दोघी बिल घेऊन बसलो, आणि युनिट, स्लॅब, मागचं रीडिंग या भानगडीत तिनं जेवढी वजाबाकी केली तेवढी माझ्या वर्कशीटवर कधी केली नव्हती. कारण मला खरंच माहीत नव्हतं. मुलांना हे लगेच कळतं हो, समोरच्याला खरंच माहीत नाहीये की नाटक चाललंय.

एक मात्र कबूल करायला पाहिजे. सगळं गप्पांतून येतं म्हणणारे लोक भेटतात, मला ते पटत नाही. पाढे गप्पांतून येत नाहीत. निदान आमच्याकडे आले नाहीत. रोज वीस मिनिटं बसून, चिडचिड करून, सातावर आणि आठावर रडारड करूनच येतायत. अक्षराचंही तेच. वाचायला ती उशिराच लागली, आठवं लागून गेल्यावर, आणि ते दीड वर्ष मी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. तेव्हा कुणाला वाटत असेल ही फार शहाणी झाली, तर तसं काही नाही.

पण ज्यासाठी एवढं पाल्हाळ लावलं ती गोष्ट पुढेच आहे.

वाचायला लागली तशी सई रस्त्यावरच्या पाट्या वाचते. सगळ्या. आम्ही सहकारनगरला राहतो, आणि आमच्या भागात काही सोसायट्यांच्या नावात 'पानशेत पूरग्रस्त' असतं. एक दिवस तिनं ते अडखळत वाचलं आणि घरी येऊन आजीला विचारलं, "पूरग्रस्त म्हणजे काय?"

आजी म्हणाल्या, "मी."

आता आजींची पुराची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, मी निदान पंचवीस वेळा ऐकली असेल. 12 जुलै 1961. पानशेतचं धरण, मातीचं, काम पुरं व्हायच्या आधीच पाण्यानं भरलेलं, सकाळी फुटलं आणि त्या लोंढ्यानं खाली खडकवासल्याचं धरणही फोडलं. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या, म्हणजे आज सई आहे तेवढ्या. नारायण पेठेत वाडा, नदी हाकेच्या अंतरावर. आधी कुणाला खरंच वाटेना. मग 'पळा पळा' झालं, आणि त्यांची आई तीन पोरांना घेऊन पर्वतीकडे निघाली. वडील छापखान्यात कामाला, ते तिकडेच अडकले. वाटेत आजींची एक चप्पल तुटली, ती त्यांनी हातात धरून ठेवली होती, का कोण जाणे. पर्वतीवर कुणीतरी पिठलं-भाकरी दिली. चार दिवसांनी परत आले तर गुडघ्याच्या वर चिखल, नळ बंद, टोचून घ्यायला रांगा. आणि सगळ्यात शेवटी ते कपाट! त्यांचं लाकडी कपाट वाहत जाऊन पलीकडच्या वाड्यात सापडलं, कुलूप तसंच, आत आईची पैठणी. इथे सगळे हसतात आणि गोष्ट संपते.

सईनं ती गोष्ट पहिल्यांदा पूर्ण ऐकली आणि मग ते रोजचंच झालं. नकाशा काढला, आंबी नदी शोधली, ती मुठेला कुठे मिळते ते बघितलं, पानशेतपासून लकडी पुलापर्यंत दोरा ठेवून अंतर मोजलं, चाळीसच्या आसपास किलोमीटर आलं. हे सगळं तिनं आणि आजींनी. मी लांब. (आतून नुसती तळमळत होते, किती छान प्रोजेक्ट झाला असता!)

आजींच्या दुसऱ्याही गोष्टी आहेत, वाड्यातल्या. त्यात एक जनाकाकू असतात. जिन्याखालच्या खोलीत राहणाऱ्या, पायांनी अधू, दिवसभर गोधड्या शिवणाऱ्या. नजर कमी झालेली, म्हणून वाड्यातल्या पोरांपैकी जो सुईत दोरा ओवून देईल त्याला एक लाडू. आजी म्हणे दोरा मुद्दाम तोडून ठेवायच्या, परत ओवायला मिळावा म्हणून. सईला ही गोष्ट भारी आवडते.

गेल्या श्रावणातली गोष्ट. दोघी मेथी निवडत बसल्या होत्या, मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते. सईनं मध्येच विचारलं, "आजी, पर्वतीवर जनाकाकूंना कुणी नेलं?"

आजींचा हात थांबला.

"त्यांना चालता येत नव्हतं ना," सई म्हणाली. "आणि पुराच्या गोष्टीत त्या नाहीचेत."

"होते की वाड्यातले पुरुष," आजी म्हणाल्या, आणि पाणी प्यायला म्हणून उठून गेल्या. परत आल्या नाहीत. मेथी मीच निवडली.

अठरा वर्षं मी ती गोष्ट ऐकतेय. नवरा चाळीस वर्षं ऐकतोय. दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. कपाट सापडलं की आम्ही हसून मोकळे.

नंतरचे दोन दिवस आजींनी काहीच सांगितलं नाही. लवकर झोपायच्या. मला सईचाही थोडा राग आला आणि मग माझाच आला. वाटलं, तिला बाजूला घेऊन सांगावं की बाळा, काही प्रश्न विचारायचे नसतात. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. कारण हे एकदा सांगितलं की परत शांत मुलगी.. आणि दुसरीकडे, समोर एक त्र्याहत्तर वर्षांच्या बाई रात्री जाग्या. काय करावं खरंच कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आजींनीच सईला हाक मारली. मलाही म्हणाल्या, "तूही बस गं."

सांगितलं ते थोडक्यातच. त्या दिवशी पळापळ सुरू झाली तेव्हा जनाकाकूंनी जिन्याखालून हाक मारली होती, 'तुझ्या आईला सांग गं, मला कुणीतरी उचला म्हणावं.' आजी म्हणाल्या होत्या, 'सांगून येते हं परत.' आणि त्यांनी आईला सांगितलंही. आईच्या कडेवर धाकटा, दुसऱ्या हातात पेटी. ती म्हणाली, पुढच्या बिऱ्हाडातले आहेत, ते आणतील. पुढच्या बिऱ्हाडातल्यांना वाटलं मागचे आणतील. पर्वतीवर पोचल्यावर सगळे एकमेकांना विचारायला लागले. वाड्याची मागची भिंत त्याच दुपारी बसली होती.

"मी परत येते म्हटलं होतं," आजी म्हणाल्या. "तेवढंच कधी सांगितलं नाही कुणाला. तुझ्या आजोबांनासुद्धा."

माझ्या डोक्यात वाक्यं तयार होती. तुम्ही लहान होतात, तुमचा काय दोष, सई, बघ हं, अशा वेळी माणसं.. एकही वाक्य मी बोलले नाही. गिळलं सगळं. नऊ वर्षांच्या मुलीनं हे ऐकावं का, हा विचारही तेव्हाच मनात आला, पण तिनं ऐकलेलं होतं.

सई बराच वेळ आजीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग तिनं विचारलं, "लाडू कसले असायचे?"

"दाण्याचे," आजी म्हणाल्या. "गूळ जास्त असायचा त्यात. हाताला चिकटायचे."

मग त्या रडल्या. सई तिथेच बसून राहिली, हलली नाही.

हे सगळं इथे लिहू का, असं मी आजींना विचारलं. म्हणाल्या, "लिही. सांगून झालंय आता." जनाकाकूंचं नाव मात्र त्यांच्या सांगण्यावरून बदललंय.

त्या दिवशी नवरा उशिरा आला. दुपारचं मी त्याला अजून काही सांगितलं नव्हतं. जेवताना सईनं त्याला पुराची गोष्ट सांगायला घेतली. आजी बाहेरच्या खोलीत होत्या. तिची सांगायची पद्धत आता आजींसारखीच झालीय, हात तसेच, थांबायच्या जागाही त्याच. धरण, पळापळ, एक चप्पल हातात, पिठलं-भाकरी. जनाकाकू तिनं सुरुवातीलाच घातल्या होत्या, सुई, दोरा, दाण्याचे लाडू, हाताला चिकटणारे, सगळं. मग चिखल, टोचणं, आणि कपाट. नवरा सवयीनं हसला. मग थांबला.

"अगं, पण मग त्या जनाकाकूंचं काय झालं?"

सईनं आमटीची वाटी पुढे ओढली.

"ते तू आजीला विचार," ती म्हणाली.

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्या पानात भात वाढला.